भिंतीकडची उशी

८ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

फोनवर तुझं "हो, बरं आहे, ठेवू का" ऐकून कंटाळले, म्हणून हे पत्र. तुझ्या लेकीकडचा फोन दिवाणखान्यात, समोर जावईबापू पेपर वाचत बसलेले. तू मोकळेपणी बोलणार तरी काय? पत्र आलं की आत जाऊन वाच आणि लगेच उत्तर पाठव. मी आता रिटायर्ड नर्स आहे. कोणाला इंजेक्शन द्यायचं नाही, कोणाचा ताप बघायचा नाही. पोस्टमनची वाट बघायला वेळच वेळ आहे.

बातमी चांगली नाही, पण दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेली बरी. आपल्या घरावर बँकेने विक्रीची पाटी लावली आहे. दादा गेला, नव्या यंत्राच्या कर्जाचे हप्ते थकले, बँकेने कुलूप घातलं, हे सगळं तुला मी काय सांगणार? किल्ल्या तूच नेऊन दिल्यास. पण तेव्हापासून घर नुसतं बंद होतं. आता पिवळी, ठसठशीत अक्षरांची पाटी आहे, आणि ती ठोकलीय कुठे, तर दुकानाच्या त्याच फळीवर, जिथे दादा पावाचे भाव खडूने लिहायचा. बंद लिफाफ्यातून बोली मागवल्यात. एक दिवस घर उघडून दाखवणार, मग लिफाफे द्यायचे, मग ते सगळ्यांसमोर उघडणार. ज्याची बोली बँकेला पटेल त्याचं घर.

मी समोरच्या फुटपाथवर बराच वेळ उभी होते. धुराड्यावर कबुतरं बसली होती. भट्टी चालू असती तर काय बिशाद होती त्यांची तिथे बसायची.

उभ्या उभ्या मला मधली खोलीच आठवली. भट्टीच्या पाठीला पाठ लावलेली. हिवाळ्यात बाहेर दातावर दात वाजायचे आणि ती एक भिंत कायम कोमट. दादा आणि बाबा रात्रपाळीला भट्टीवर, आणि आपण बायका त्या खोलीत. भिंतीकडची जागा कोणाची, यावरून मी किती रडारड केली असेल. पण आईचा एक नियम होता, तिने तो कधी बोलून दाखवला नाही. घरात ज्याचा दिवस वाईट गेला असेल, त्याची उशी ती गुपचूप भिंतीकडे ठेवायची. आणि कारण विचारायचं नाही. मी गणितात नापास झाले, घरात अजून तोंडातून शब्द काढला नव्हता, आणि अंथरुणं घातली तर माझी उशी भिंतीकडे. कसं कळायचं गं तिला?

असो. कामाचं बोलते. आमच्या हॉस्पिटलातल्या एका मेट्रनबाईंच्या मनात ते घर घ्यायचं आहे. घरात कुठे काय खोट आहे ते वहिनींना विचारून सांगा, म्हणाल्या. लग्न झाल्यापासून तू तिथे राबलीस, तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? खरं खरं लिही. बाई फार सज्जन आहेत.

तुझी,
भिंगरी

---

१७ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

पत्र मिळालं. आत जाऊनच वाचलं.

मला इथे काही कमी नाही, हे आधी लिहून टाकते, नाहीतर तू पुढच्या गाडीने येऊन जावयाला थर्मामीटर लावशील. लेक जीव लावते. मला कशाला हात म्हणून लावू देत नाही. चहा हातात येतो, ताट समोर येतं. पाव विकतचा असतो, आधीच कापून पिशवीत भरलेला. एकदा मी म्हटलं, मी भाजते, तर दोघंही म्हणाले, आई, आता आराम करा. तर आराम करते. बाराव्या मजल्यावरून खाली माणसं दिसतात, ती मोजत बसते.

पाटीचं कळलं. कधीतरी लागणारच होती.

तुझ्या या मेट्रनबाई कोण काढल्यास? तुझ्या सगळ्या मेट्रनबाईंची गाऱ्हाणी ऐकून माझे कान किटलेत, त्यात सज्जन अशी एकही आठवत नाही. पण तू विचारलंस तर सांगते, आणि त्यांना जसंच्या तसं सांग.

मधल्या खोलीची तुळई वाळवीने आतून पोखरलीय. वरून रंग दिल्यामुळे दिसत नाही, पण एक दिवस ती खाली येणार. नळाला करंगळीएवढी धार, तीही मनात आलं तर. धुराडं शेजाऱ्यांच्या बाजूला कललंय. स्वयंपाकघराची खिडकी लागत नाही, कागदाची घडी करून फटीत खुपसावी लागते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भट्टीखाली बुजवलेली विहीर आहे. सासूबाईंनी मला एकटीला सांगितलं होतं. तुला मुद्दाम सांगितलं नाही, तू घाबरून त्या खोलीत झोपली नसतीस म्हणून. मागची अर्धी बाजू त्या विहिरीवरच उभी आहे, आणि जमीन खचायला लागलीय.

मेट्रनबाईंना म्हणावं, नाद सोडा. दुसरीकडे छान फ्लॅट मिळतात.

तब्येतीला जप. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझी,
वहिनी

---

३० सप्टेंबर

प्रिय वहिनी,

विहिरीचं वाचलं आणि मटकन खाली बसले. जन्मले मी त्या घरात, आणि आईने मला सांगितलं नाही. सून आली, तिला सांगितलं. राग आला, खोटं कशाला बोलू? दोन दिवस आईवर आणि तुझ्यावर रुसून बसले. मग माझं मलाच हसू आलं. रुसायचं कोणावर, तर एक या जगात नाही आणि दुसरी बाराव्या मजल्यावर.

काल घर दाखवण्याचा दिवस होता. मी गेले. बँकेचे साहेब आले, काटकुळे, हातात किल्ल्यांचा जुडगा, नाकाला रुमाल. त्यांना कुलूप उघडेना. मी म्हटलं, दार जरा वर उचला आणि मग फिरवा. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण उचललं, आणि उघडलं.

वहिनी, अजून वास आहे. इतके दिवस बंद घर, वर धूळ, जाळी, उंदरांच्या लेंड्या, आणि तरी खाली पावाचा वास. मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. लोकांना वाटलं, म्हातारीला दम लागला. एकाने मला स्टूलसुद्धा दिलं, आणि ते आपलंच होतं, दादाचं, एक पाय आखूड असलेलं.

बघायला बरेच जण होते. काळा चष्मा लावलेला एक बिल्डर, बरोबर टेप घेतलेला त्याचा माणूस. कोल्ड्रिंकचा एक गोदामवाला. आणि एक तरुण जोडपं, पोरीचे दिवस भरत आलेले. ती मधल्या खोलीत गेली आणि आपल्या भिंतीला हात लावून नवऱ्याला म्हणते, "इथे पाळणा छान राहील." आता मला सांग, बरोबर त्या पोखरलेल्या तुळईखाली पाळणा. मला राहवेना. आयुष्यभर बाळंतिणींना दटावलं, ती सवय जाते का? सगळं सांगून टाकलं. वाळवी, नळ, धुराडं, काही ठेवलं नाही. पोरगी नवऱ्याचा हात धरून दारात जाऊन उभी राहिली.

बिल्डर हसायला लागला. म्हणाला, "बाई, मी पाडूनच टाकणार आहे. मला वाळवीचं काय?" मी म्हटलं, "पाडा की. पण भट्टीखालच्या विहिरीचं काय करणार?" हसू जागच्या जागी विरलं. त्याच्या माणसाने भट्टीपुढे पाय आपटून बघितला, आणि वहिनी, खरंच पोकळ वाजलं. मग ते दोघं कोपऱ्यात जाऊन बराच वेळ कुजबुजत होते.

आता ऐक. मेट्रनबाई कोणी नाहीत. घर मला घ्यायचंय.

तुला आधी सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, भिंगरे, म्हातारपणाला ठेवलेला पैसा असा उडवतात का. म्हणून ती बाई काढली. माझा फंड आहे, फ्लॅटसाठी साठवलेलं आहे, आणि इथल्या भाड्याच्या खोलीत मला समोर फक्त दवाखान्याची मागची भिंत दिसते. पण खरं कारण तू आहेस. "मला काही कमी नाही" असं न विचारता सुरुवातीलाच कोण लिहितं? वॉर्डात ज्याला सगळ्यात जास्त दुखायचं ना, तोच आधी म्हणायचा, सिस्टर, मला काही होत नाही.

मला तुला तिथे आणायचंय. बस्स. तुझ्या घरात, तुझ्या ओट्यापाशी.

सोमवारी लिफाफा देणार. तू सांगितलेलं सगळं ध्यानात धरूनही आकडा कमी केला नाही, उलट जमेल तेवढा वर नेला. आत एकच ओळ लिहिलीय, घर आहे तसं घेईन, माझी कसलीही अट नाही. विहीर तर विहीर. खचलं तर दोघी मिळून खचू.

तुझी,
भिंगरी

---

५ ऑक्टोबर

वन्सं,

तुम्हाला आज मुद्दाम वन्सं म्हणतेय, कारण भिंगरी म्हणायची इच्छा नाही.

विहीर नाही. वाळवी नाही. तुळई सागाची आहे, तुझा दादा तिला लोंबकळून दाखवायचा. धुराडं सरळ आहे. नळाला पाणी इतकं येतं की वायसर दर वर्षी बदलावा लागायचा. पोकळ वाजलं तो राखेचा खड्डा, तू लहानपणी त्यात लपायचीस आणि काळं तोंड घेऊन बाहेर यायचीस. तो कसा विसरलीस?

मी सगळं रचून लिहिलं. कोणी परकी मेट्रन माझ्या ओट्यावर भांडी आपटणार, माझ्या पिठाच्या पिंपात तिचे तांदूळ भरणार, या विचाराने डोकं फिरलं. वाटलं, असं काहीतरी लिहावं की बाईने त्या रस्त्याने जाऊ नये. कोणीच घेतलं नाही तर घर नुसतं बंद राहील. कोणाचंच नाही, असं. ते मला चाललं असतं. खिडकीचं तेवढं खरं आहे. ते एक खरं घातलं म्हणजे बाकीचं पटेल असं वाटलं.

आणि तू ते सगळ्यांसमोर जाऊन सांगितलंस. हसू की रडू मला कळत नाही. खोटं मी बोलले, आणि तू ते मनापासून खरं मानून आयुष्यभराची कमाई त्यात घालायला निघालीस. हे पत्र पोचेपर्यंत सोमवार उलटलेला असेल, तरी लिहिते.

सासूबाईंच्या नियमाचं लिहिलंस. माझीही एक आठवण आहे, तुला कधी सांगितली नाही. लग्न होऊन आले त्या हिवाळ्यात मी तुझ्यापासून लांब, दाराकडे झोपायचे. नवी होते, जागा कशी मागणार? तू दहा वर्षांची, भिंतीला घोरपडीसारखी चिकटलेली. एक दिवस मला माहेराहून निरोप आला. मी पिठाच्या पिंपामागे उभी राहून डोळे पुसले, तोंड धुतलं आणि दुकानात जाऊन बसले. कोणाला कळू दिलं नाही. संध्याकाळी अंथरुणं घातली, तर माझी उशी भिंतीकडे. मला वाटलं, सासूबाईंनी ठेवली. त्याच म्हणाल्या नंतर, मी नाही गं, हिने सरकवली. तू तोंड फिरवून झोपल्याचं सोंग घेतलं होतंस.

काय निरोप होता ते तू विचारलं नाहीस. आजवर नाही.

पण भिंगरी, माझ्यासाठी घर घेऊ नकोस. मी इथे बरी आहे.

वहिनी

---

१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

घर आपलं झालं.

नीट सांगते. सकाळी बँकेत गेले. लांब टेबल, वर कुरकुरणारा पंखा, कागदी कपात कोमट चहा. साहेबांनी लिफाफे एकेक करून फोडले. बिल्डरचा लिफाफाच नव्हता. गोदामवाल्याने आकडा बरा लिहिला होता, पण बँकेने आधी नळ नवा घालून द्यावा, धुराडं उतरवून द्यावं, अशा अटीवर अटी. त्या जोडप्याने बिचाऱ्यांनी बँकेच्या किमान किमतीपेक्षा कमी लिहिलं होतं, वाळवीचं औषध मारून द्या असंही होतं. आणि माझा. साहेबांनी दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "बाई, त्या दिवशी विहिरीचं तुम्हीच सांगत होतात ना?" मी म्हटलं, "हो." म्हणाले, "तरी अट नाही?" मी म्हटलं, "तरी नाही." त्यांनी सही केली. मला वाटतं त्यांना माझी कीव आली असावी.

घरी आले तर दारात तुझं पत्र पडलेलं. पाय न धुता वाचलं, आणि अशी हसत सुटले की शेजारीण धावत आली. तिला वाटलं, म्हातारीला फिट आली. हसता हसता मी रडायला कधी लागले ते कळलं नाही.

मला बोल लावू नकोस हं. मी खोटं बोलले नाही. मी जे बोलले ते माझ्या मते शंभर टक्के खरं होतं. पण मन खात होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी साहेबांकडे जाऊन सगळं सांगून आले. म्हणाले, "आम्ही आहे तसं विकलं, तुम्ही आहे तसं घेतलं. वहिनींनी पत्रात काय लिहिलं त्याच्याशी बँकेचा संबंध नाही." मग त्या पोरीलाही शोधून काढलं. तिला वाईट वाटेल म्हणून जीव खालीवर झाला होता. तर ती म्हणते, नवऱ्याने नुसतं तिच्या हट्टाखातर लिफाफा दिला होता, त्याला आधीच पलीकडच्या गल्लीतलं घर पसंत होतं. बाळ झालं की अंघोळ घालायला मी जाणार आहे, तसं ठरलंय.

तेव्हा आता सामान बांध. गाडीचं तिकीट मी पाठवते. ओटा तुझा, पिंप तुझं. थंडीच्या आत ये.

तुझी,
भिंगरी

---

८ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,

उत्तराला उशीर झाला. इथे पाहुणे होते, मग मला थोडी कणकण होती. आता ठीक आहे.

घराबद्दल अभिनंदन. तुम्ही एकटीच्या बळावर घेतलंत, कौतुक वाटतं.

माझं म्हणाल तर येईन चार दिवस, उन्हाळ्यात, पाहुणी म्हणून. कायमचं येणं बरं दिसणार नाही. ज्या घराच्या किल्ल्या मी माझ्या हाताने देऊन आले, तिथे नणंदेच्या पेन्शनीवर कशी राहू? पूर्वी तुम्ही सुट्टीला यायचात तेव्हा घर माझं होतं. आता तुमचं आहे. मला कुठे कप ठेवायचा तेही विचारून ठेवावं लागेल. तुम्ही मनाच्या मोठ्या आहात, तुम्ही तसं म्हणणार नाही, पण मला वाटल्याशिवाय राहायचं नाही.

लेक म्हणते, आत्याला नमस्कार सांग.

तुमची,
वहिनी

---

२७ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं 'तुम्ही-तुम्ही' वाचून पत्र दोनदा फेकून दिलं आणि दोनदा उचललं. मी दहा वर्षांची असताना तू माझ्या डोक्यातल्या उवा काढल्यास, आणि आता मी तुमची वन्सं.

मी राहायला आले. पेट्या अजून बांधलेल्याच आहेत. आल्या आल्या स्वयंपाकघराची खिडकी लावायला गेले, लागेना. फटीत कागदाची घडी होती, काढून बघितली. आपल्या पावाच्या वेष्टनाचा कागद, दादाने घातलेला. त्याची घडी मी कुठेही ओळखीन, कागद असो की रुमाल, तो तीनदाच घालायचा. मी ती परत होती तिथे खुपसली. तुझ्या सगळ्या थापांमध्ये ही एक खरी निघाली, आणि नेमकी हीच मला पुरून उरली. त्या दिवशी जेवणही केलं नाही.

मग म्हटलं भट्टी पेटवू. घरात गारठा आहे, भिंत बर्फ झालीय. मला काय, लहानपणापासून बघत आले. लाकडं आणली, रचली, काडी लावली. वहिनी, सगळा धूर घरात. डोळे चोळत बाहेर पळाले तर गल्लीतले लोक बादल्या घेऊन उभे. दुसऱ्यांदा झडप उघडून बघितली, तर आग अशी भडकली की पुढचे केस जळले. तिसऱ्या वेळी पेटली खरी, पण पाव आत घातला तो वरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ. पेशंटला देण्यासारखासुद्धा नव्हता. त्या नव्या बाळंतिणीच्या नवऱ्याने चावून बघितला आणि सभ्य माणूस म्हणून गिळला.

दादा पिठाची चिमूट आत टाकून बघायचा, एवढं मला आठवतं. पण किती वेळात ती लाल व्हायला हवी, ते तो सांगायचा नाही आणि मी कधी विचारलं नाही. झडप किती बोटं उघडायची, ओली लाकडं कुठल्या बाजूला, ते मला काही म्हणजे काही माहीत नाही. तो आजारी पडल्यावर सगळी भट्टी तूच चालवलीस. तेव्हा घर माझं म्हणतेस ना, तर ऐक, मी घेतल्या त्या नुसत्या विटा. भट्टी पेटवून त्यांचं घर करायचं ते तुला येतं.

माझ्या पेन्शनीवर बसून खायला मी तुला बोलावत नाहीये. गल्लीतली माणसं रोज येऊन विचारतात, पाव कधीपासून? मी सांगते, वहिनी आल्यावर. काल ते साहेबसुद्धा विचारून गेले. त्यांना म्हटलं, विहिरीतून काढून देते. उत्पन्न येईल ते तुझं, मला रोज एक पाव आणि बडबडायला माणूस पुरे. कप तुला हवा तिथे ठेव. मीच तुला विचारून ठेवीन, माझे अजून पेटीत आहेत.

तू खरंच तिथे सुखात असशील तर नको येऊस. मी परत विचारणार नाही. पण कणकण होती असं लिहिलंस, आणि कुठे झोपतेस ते एकाही पत्रात लिहिलं नाहीस.

मधल्या खोलीत मी दोन अंथरुणं घातलीत. तुझी उशी भिंतीकडे ठेवलीय. भिंत गार आहे, पण जागा तीच आहे. आईचा नियम मला पाठ आहे. कारण विचारणार नाही.

तुझी,
भिंगरी

---

४ डिसेंबर

भिंगरे,

झडप चार बोटं. आग धरली की दोन. चिमूट टाकून आपलं नाव एकदा सावकाश म्हणायचं, तेवढ्यात लाल झाली तर भट्टी तयार, आधीच काळी पडली तर थांबायचं. पण तू यातलं काही करू नकोस. मी येईपर्यंत भट्टीला हात लावशील तर याद राख, उरलेले केसही घालवशील.

लेकीशी बोलले. ती रडली, मग म्हणाली, आई, पत्र आलं की तू आत जाऊन वाचायचीस आणि बाहेर यायचीस तेव्हा तुझा चेहरा वेगळाच असायचा. जावयाने स्वतःहून तिकीट काढून आणलं. भला माणूस आहे, मी उगीच त्याच्या पेपरवर राग धरला होता.

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतेय. स्टेशनवर येऊ नकोस, तुझे गुडघे जिना चढायचे नाहीत. कुलूप लावून गेलीस तर किल्ली शेजारी ठेव, दार वर उचलून फिरवायचं ते मला माहीत आहे. मैदा आणून ठेव. पिंप मी आल्यावर घासेन, तू घासू नकोस, तुला नीट येत नाही.

मी इथे दिवाणखान्यात घडीच्या खाटेवर झोपते. सगळे झोपल्यावर ती उघडायची आणि कोणी उठायच्या आत मिटायची.

उशी आहे तिथेच राहू दे. आणि सासूबाईंचा नियम या वेळेपुरता मोड. मला कारण विचार. आत्ताचंही विचार, आणि त्या हिवाळ्यातलंही. इतकी वर्षं तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. आता मला सांगायचंय.

तुझी,
वहिनी